मुखवटेवाल्याची गाठ

रविवार, दुपार

अप्पा, तुम्ही गेल्यापासून मी रोजनिशीत जवळजवळ रोज काही ना काही लिहीत आले, पण तुमच्या नावानं एक ओळ लिहिली नाही. चुकलंच माझं. आज बसले ते तुमच्या नातीच्या एका खेळामुळं.

तुम्ही तिला पाहिलं नाहीत. अकरावीत आहे, आणि जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा मुक्काम कॉम्प्युटरपुढं असतो. तिचा खेळ म्हणजे एक लांबलचक गोष्टच. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं आणि गावोगाव हिंडायचं. तिचं पात्र हरवलेल्या बहिणीला शोधत निघालंय. त्यातला दुष्ट मुखवटा घालून येतो, गावं जाळतो आणि जाताना प्रत्येक वेशीवर लाल दोरीची एक गाठ बांधून जातो. मुखवट्यामागं कोण, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. शेवटचा भाग यायचाय, आणि तोवर खेळणारी पोरं इंटरनेटवर तर्क लढवत बसलीत. कुणाचा संशय राजावर, कुणाचा राजवैद्यावर. बहुतेकांचा मात्र एका म्हाताऱ्या नावाड्यावर, कारण पहिल्या भागात तो आपली होडी अश्शाच गाठीनं बांधतो. तुमच्या नातीनं तर त्यावर व्हिडिओच करायला घेतलाय.

"मम्मी, हे बघ की. ही होडीची गाठ, ही वेशीवरची. सेम टू सेम. विषय संपला."

मी म्हणाले, "ही गाठ त्या नावाड्यानं कुणाला शिकवली होती का?"

"हां, बहिणीला. सुरुवातीलाच दाखवलंय."

"मग मुखवट्यामागं बहीण आहे."

"काहीपण काय बोलायलीस? तिलाच तर सोडवायला निघालोय आपण!"

"म्हणूनच तिच्याकडं कुणी बघत नाही."

ती मग एकेक जुना प्रसंग पुन्हा लावून बघत बसली. शेवटी म्हणाली, "लई डेंजर हायस तू. पण एवढी खात्री कशी काय?" मी सांगितलं, "आजोबांकडून शिकले. गाठीवरून माणूस ओळखायचे ते." हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिला सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

डोळ्यापुढं येतं ते असं: मी अकरा वर्षांची आहे. तुमचा डबा घेऊन चादरीच्या कारखान्यात आलेय. तुम्ही, तिथले मास्तर, मागाखाली वाकलेले, आणि कोपऱ्यात कामाला असलेल्या अक्का नक्षीचे पत्ते दोरीत ओवत बसलेल्या. भोकं पाडलेला एकेक पुठ्ठा, त्यांची माळ मागावर चढली की चादरीत मोर उतरायचा. अक्का घरी तेलुगू बोलायच्या, माझ्याशी मात्र मोडकं मराठी, आणि पत्ते ओवायची त्यांची स्वतःची गाठही त्यांनीच मला हौसेनं शिकवलेली. डावीकडून वेढा, दोनदा पीळ. त्या दिवशी अक्का पाणी प्यायला उठल्या आणि मी ती माळ ओढून बघितली. दोरी तुटली, एक पत्ता निसटला. मी तो पुन्हा बसवला आणि अक्कांसारखीच झकास गाठ मारली. पत्ता उलटा बसलाय हे मला कळलं नाही. पण दोरी मी तोडली आणि कुणाला सांगितलं नाही, एवढं कळत होतं.

दोन दिवसांनी सगळ्या मोरांच्या मानेवरून आडवी रेघ गेलेली. तुम्ही माळ उतरवून घेतली, तो पत्ता शोधलात, गाठ बोटांत धरलीत. "ही कुणाची गाठ, हे मला कुणी सांगायला नको. गाठ खोटं बोलत नाही. अक्का, तुमचं लक्ष कुटं होतं?" सगळे माग थांबले होते. अक्कांनी गाठ पाहिली, मग डबा धरून उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "गाठ माझीच आहे, मास्तर." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. पुढं घरी विड्या वळत बसल्या, असं तुम्हीच आईला सांगितलंत.

तुम्ही दुसरा प्रश्न का विचारला नाहीत, म्हणून मी पुष्कळ वर्षं मनातून तुमच्यावर रागावले होते. गाठ कुणाची हे ओळखलंत, ती आणखी कुणाला येते हे विचारलं नाहीत. आता वाटतं, तो राग मला सोयीचा होता. उत्तर तुमच्यापासून चार हातांवर डबा धरून उभं होतं आणि त्याला तोंड होतं. खराब निघालेल्या त्या चादरींपैकी एक तुम्ही घरी आणलीत, मलाच पांघरायला दिलीत. अजून टिकलीय. आता तुमची नात ती गुडघ्यावर घेऊन मुखवटेवाल्याचा पिच्छा पुरवते.

माझा तर्क बरोबर निघणार, याची मला खात्री आहे. ती उद्या व्हिडिओत बहिणीचं नाव घेईल आणि वर "माझ्या मम्मीनं ओळखलं" असंही सांगणार आहे. ओळखायला मला काहीच डोकं लागलं नाही, अप्पा. अक्का आता लेकीकडं असतात, आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

उद्या: चादर आणि पोरीला घेऊन अक्कांकडं जायचं.