नलिनी, शिवणकाम, तीन प्राण

६ एप्रिल, रविवार
माझ्या धाकट्या भावाने, वसंताने, नात माझ्याकडे ठेवली ती इंजिनिअरिंग शिकायला. आज तिने देवपूरच्या या माझ्या हॉलमध्ये चार मित्रमैत्रिणी जमवून भर दुपारी फासे टाकले. तेही वीस बाजूंचे. म्हटलं, "ऋता, आता पत्तेच तेवढे राहिले."
"आजी, हा जुगार नाही. गोष्ट आहे. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, काय करणार ते सांगायचं. जमलं की नाही, ते फासा सांगतो."
"आणि तू कोण? महाराणी?"
"मी गोष्ट चालवते. महाराणी कुणीच नाही. सुरुवातीला सगळी साधी माणसं. हा न्हावी, ही शेळ्या राखते. तीन प्राण घेऊन निघायचं. जगले-वाचले तर पुढे पराक्रमी."
"नाही वाचले तर?"
"कागद फाडायचा."
वर हसली. माणूस म्हणजे काय रफ वहीचं पान? आमच्या कॉन्व्हेंटात असं हसणारीला तासभर बाकावर उभी केली असती.

११ एप्रिल, शुक्रवार
शेळ्यांवाली मैत्रीण लग्नाला शिरपूरला चालली. एक माणूस कमी. ऋ. मागे लागली. बसते म्हटलं, निदान यांचं मराठी तरी सुधारेल. कागद भरायला दिला. नाव, वय, धंदा, जवळच्या वस्तू. कोरी जागा सोडायची नाही, ही शाळेची सवय. भराभर लिहिलं. मग चष्मा पुसून वाचलं.
नलिनी. एकोणीस. शिवणकाम. कात्री, टेप, निळी पिशवी.
"ही कोण गं, आजी?"
"कुणी नाही. सुचलं."
सुचलं म्हणे! सत्तरी उलटली तरी खोटं बोलताना कान तापतात.

१३ एप्रिल, रविवार
गावाचं पाणी खारट झालंय. गोड झरा शोधायला चार साधी माणसं सातपुड्यात निघाली. एवढीच गोष्ट. मी गप्प बसणार होते. पण तोंडातून आलं, "मी होते पुढे, तुम्ही काय वरातीत चाललात?"
हे माझं बोलणं नव्हे. मी जन्माची सावध. ही नलू.
अंधाऱ्या घळीत पहिली तीच शिरली. दोन प्राण गेले, एक उरला. ऋ. चा मित्र ओंकार, त्याच्या न्हाव्याला तर अस्वलाने मारलं. त्या कार्ट्याने टर्रकन कागद फाडला आणि शेव खाल्ली. इतरांचे कागद ऋ. ने फाइलमध्ये ठेवले. नलूचा मी माझ्याकडे घेतला. कपाटात, साड्यांच्या घडीत.

१६ एप्रिल, बुधवार
भांडी घासता घासता कमलबाई म्हणाली, "अक्का, तुम्ही कोनासंगे बोली राह्यनात?"
मी ओट्याशी एकटी. म्हणत होते, एवढं पाणी पिऊन जा, ऊन आहे.
त्या दिवशी हे म्हणायचं राहिलं होतं. नलू, माझी धाकटी बहीण. शिरपूरच्या मैत्रिणीचे शिवलेले ब्लाउज देऊन येते म्हणून जळगावच्या घरातून निघाली. मैत्रिणीकडे पोचली नाही. परत आली नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली. पोलीस, पेपरात फोटो, ज्योतिषी. मग आबांनी घरात तिचं नावच बंद केलं.
टेलिफोन खात्यात बढती मिळाल्यावरही मी ट्रंक बोर्डावर जाऊन बसायचे. लोकांना वाटे, बाई कामसू. मी आवाज तपासत होते. कुणी 'हॅलो' म्हणताना नलूसारखा शेवट वर उचलला की पुढचं सगळं ऐकायचे. नियमात नव्हतं ते.

२० एप्रिल, रविवार
आज नदीला पूर. पलीकडे झरा. दोर एकच. नलिनी दोरावर.
ऋ. म्हणाली, "आजी, दहाच्या वर हवेत. टाक."
फासा हातात.
"टाक ना. सगळे थांबलेत."
"थांबू देत. आम्ही सत्तेचाळीस वर्षं थांबलोय."
बोलून गेले. मग सगळंच सांगावं लागलं. पोरं खाली मान घालून. ओंकारने शेवेची वाटी हळूच बाजूला सरकवली. ऋ. चे डोळे भरले. म्हणाली, "आजी, गोष्ट मी चालवते. ती पोचली पलीकडे, असं मी ठरवू शकते. फासा नकोच."
असा संताप आला! "तू कोण ठरवणारी? काल जन्मलीस. म्हणे पोचली! आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि तुला कळलं?"
आत जाऊन दार लावलं. चुकलं माझं. पण तिचंही चुकलं. फासा टाकायचा नाही आणि फुकटची दयाही नको. मग काय हवंय मला, असं तिने दाराबाहेरून विचारलं.

२७ एप्रिल, रविवार
मी बसले नाही. ते माझ्यावाचून खेळले. ऋ. सांगत आली की बाकीचे अलीकडच्या काठावर मुक्कामाला थांबले, दोराला कुणी हात लावला नाही. मी तिला शिरा करून दिला. माफी वगैरे मला जमत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार
उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. सकाळी दहाला जळगावहून वसंताचा फोन. ऋ. ने आजोबांच्या कानावर घातलेलं दिसतंय.
"ताई, दारात कुंभार आलाय. घागरी घेतोय. एक आबांची, एक आईची." मग आवाज खाली आणून, "नलूची भरायची का गं यंदा?"
आखाजीला गेलेल्यांची घागर भरायची, आणि माहेरी येणाऱ्या लेकीला झोका बांधायचा. आबांनी तिची घागर भरू दिली नाही. आई शेवटपर्यंत परसातल्या कडुनिंबाला दोन झोके बांधायची. एकावर मी बसायचे. दुसरा आपला आपण हलायचा. तिकडे कुणी बघायचं नाही.
"मला काय विचारतोस? घरचा कर्ता तू."
"मला एकट्याने नाही होत, ताई. आणि आपण दोघं गेल्यावर विचारणारं तरी कोण आहे?"
त्याला झापायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कुंभार, "बाबा, दोन का तीन? माले आजून बठ्ठी गल्ली फिरनी शे."
"ताई?"
थांब म्हटलं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलाय आणि हे लिहितेय. वसंता थांबलाय. कुंभारही थांबलाय. तिसरी घागर पक्की भाजलीय का, ते बोटाने वाजवून बघतोय. इथपर्यंत ऐकू येतंय.