वासाचा डबा

१२ ऑगस्ट, रविवार
सासरेबुवांकडे जेवण. ऑस्कर हे त्यांचं नाव, नव्वदीला टेकलेत. डोळे पार गेले, जीभ आणि नाक मात्र शाबूत. मी शेजारी बसलो तर हुंगून म्हणाले, "आले का ऑफिसवाले? झेरॉक्सचा वास आला." एकवीस वर्षं झाली लग्नाला, एकदा नावानं हाक नाही. मग नेहमीचं पुराण: शिकारी वासानं ओळखावा, ज्याच्या अंगाला रान लागलं तोच शिकारी. मेहुणा डेल खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचं तिसरं ताट चाटून पुसत होता, तो खदाखदा हसला.
निश्चय: येत्या महिन्यात कॅनडात जाऊन मूस मारायचा. तोही धनुष्यानं. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर. डेलनं मारलेली हरणं त्यापुढे शेळ्या. म्हाताऱ्याच्या तोंडून "शाबास" काढायचीच.

१४ ऑगस्ट
तिकडच्या शिकारी कॅम्पचा मालक म्हणतो, परवाना दोघांत एक, एकट्याला मिळत नाही. मार्लिस म्हणाली, "मग डेलला ने." बायको आहे की डेलची वकील? नेतो. नाइलाज.

२० ऑगस्ट
सीमेची फाइल तयार. धनुष्याची पावती, नंबर, चारी बाजूंनी फोटो. बाण बारा, पाती बारा, प्रत्येक पात्याला वेगळी पिशवी. बत्तीस पानं, तीन प्रती. डेल म्हणाला, "दाजी, धनुष्याला कागद लागत नाहीत. बंदूक आहे का ती?" अडाण्याशी कोण वाद घालणार!
त्याच्याकडे बापाचा जुना क्रॉसबो आहे, बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचा. नियमात वाचलं, आखूड क्रॉसबोला तिकडे बंदी. डेलचा मला आखूडच दिसतो. त्याला सांगितलेलं नाही. ज्याचं त्यानं वाचावं.

२ सप्टेंबर
झेरॉक्सच्या वासाचा बंदोबस्त केला. मोठा निळा डबा आणला. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुऊन त्यात भरले. थरावर थर: आमच्या मागच्या रानातली ओली माती, शेवाळ, पाइनच्या सुया, कुजकी पानं. लोणच्यासारखे तीन आठवडे मुरवायचे.
मार्लिसनं विचारलं, "गराजमध्ये काय मेलंय?" प्रगती आहे.

१० सप्टेंबर
आजपासून कांदा, लसूण, साबण, कॉफी बंद.
सकाळी १०.१५. कॉफी घेतली. ऑफिसची होती, ती धरत नाही.
दुपारी शेजारच्या टेबलवाल्यानं टेबल उचलून खिडकीपाशी नेलं. जळतात लोक.

१७ सप्टेंबर
सराव. बारापैकी तीन बाण लागले. वारा होता. एक शेजाऱ्याच्या कॅनोत घुसला. शेजारी बोंबलत आला. अंगणात होडी ठेवायचीच कशाला?

२१ सप्टेंबर, शुक्रवार
उद्या पहाटे डेलच्या पिकअपनं निघायचं. त्याचं सामान: क्रॉसबो, एक पिशवी, दोन किलो बेकन, सिगारेटी. फाइल नाही. उद्या सीमेवरच्या पुलावर ह्याची जी जिरेल ती बघायला मला पुढची सीट मिळाली आहे.

२२ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ९.४०
पूल ओलांडला. पलीकडच्या नाक्यावर बाई होती. मी फाइल पुढे केली. न उघडताच म्हणाली, "धनुष्य ना? ठीक आहे." बत्तीस पानं! मग विचारलं, माती, झाडपाला, असलं काही? मी ठासून सांगितलं, नाही. कपडे आहेत ते. ती जा म्हणणार, एवढ्यात मी कर्तव्य म्हणून म्हणालो, "बाईसाहेब, ह्यांचा क्रॉसबो एकदा मोजून घ्या."
डेलनं क्रॉसबो काढून तिच्या हातात दिला. टेप आली. नियमाहून चांगला फूटभर लांब भरला. बाई म्हणते, "माझ्या आजोबांकडे अस्साच होता." पण गाडी उघडलीच होती, म्हणून बाकीचंही बघू म्हणाली. निळ्या डब्याचं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकली.

११.१५
बाई: "साहेब, ही माती आहे."
मी: "तो वास आहे."
बाई: "वासात गांडुळं नसतात."
माती कॅनडात चालत नाही म्हणे, रोग येतात. डबा इथं टाकून पुढे जा, नाहीतर डब्यासकट माघारी. डेल म्हणाला, "टाक की, दाजी! माझं जाकीट घाल." त्याच्या जाकिटाला बेकनचा वास. तीन आठवड्यांची मेहनत ह्या बाईच्या कचऱ्यात घालू? तत्त्वाचा प्रश्न होता. मी माघारी फिरलो. कुणी फिरवलं नाही, मी फिरलो.
वाटलं होतं, डेल थांबेल. "बरंय, दाजी," म्हणाला आणि गाडी हाणली.

दुपारी १२.३०
पूल चालत आलो. एका हातात धनुष्याची पेटी, दुसऱ्यात डबा. आपल्या नाक्यावरच्यानं विचारलं, कॅनडात किती वेळ होतात? पावणेतीन तास. काय आणलंत? आपलीच माती. त्यानं झाकण उघडलं आणि लगेच लावलं.
न्यायला ये म्हणून मार्लिसला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "दुसऱ्यासाठी खड्डा खणलास, तोही घरून माती नेऊन." घरापर्यंत तीन तास चारी काचा उघड्या ठेवल्या. थंडीनं माझे कान गेले.

२९ सप्टेंबर
डेलनं मूस मारला. कॅम्पच्या संडासामागे, तोंडात सिगारेट असताना. ह्याला शिकार म्हणत नाहीत. मूसला सर्दी झाली असणार.

७ ऑक्टोबर, रविवार
सासरेबुवांकडे मूसची मेजवानी. जाणार नव्हतो. गेलो. निषेध म्हणून डब्यातलं जाकीट घालून गेलो. डेल मागच्या अंगणात मांस भाजत होता. न्हाऊन, सेंट मारून आला होता गाढव.
मी म्हाताऱ्याशेजारी बसलो. त्यांनी हुंगलं. चाचपडत माझी बाही धरली, नाकाशी नेली, बराच वेळ सोडली नाही. "रानच घेऊन आलास की रे अंगावर," म्हणाले. "बारा वर्षांत गेलो नाही मी रानात." डोळ्यांतून पाणी. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास, डेल. शिकारी झालास, पोरा."
डेल ताट घेऊन दारात उभा. सगळं ऐकलं होतं त्यानं. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट पाहिली. त्यानं सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटात वाढला आणि आवाज न करता परत अंगणात गेला. असल्या माणसाचा धड रागही करता येत नाही.
म्हाताऱ्यानं माझा हात सोडला नव्हता. "आणि ते ऑफिसवाले कुठायत? वास नाही आला."
मी मांसाचा मोठा घास घेतला. भरल्या तोंडानं बोलू नये.
मार्लिसनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही, बाबा. तो नाही आला आज."
मांस जरा चिवट होतं. दोनदा घेतलं.