एकच सिलिंडर

९ एप्रिल २००७
जनरेटर आणलाच ह्यांनी! मला न विचारता. आणि तोही गॅसवर चालणारा. म्हणजे संध्याकाळी लाईट गेली की माझ्या शेगडीचा सिलिंडर काढायचा, परसात न्यायचा आणि त्याला जोडायचा. घरात सिलिंडर एकच. मी म्हटलं, बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्या – आवाज नाही, वास नाही. तर म्हणे, "बॅटरीत दम न्हाय. दोन तासांत मान टाकती." शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर इंजिनं बघतात, म्हणून घरातही इंजिनच पाहिजे. जेवायला काय, उजेड वाढू?

११ एप्रिल
भात अर्धा शिजलेला असताना सिलिंडर उचलला. मॅच होती.

१४ एप्रिल
लाईट जाते ती नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. शेगडी बंद, मग मी काय करणार? बाहेरच्या सोप्यात सासूबाईंजवळ शेंगा सोलत बसते. जनरेटरच्या वर आवाज चढवून त्या आजऱ्याचं सांगतात – त्यांचं माहेर. काजू फोडताना हात कसे काळे व्हायचे, हे आता मला पाठ झालंय. डोकं नुसतं भणभणतं. लाईट आल्यावर पोळ्या लाटायला बसते, त्याचं कुणाला काही नाही.

१९ एप्रिल
मीच दुकानात जाऊन इन्व्हर्टर वापरून बघायला आणला. ट्यूब, पंखा, टीव्ही – लाईट येईपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणि आता सासूबाई आडव्या आल्या. "बॅटरी नगं. ॲसिड असतंय त्यात." मी म्हटलं, झाकण बंद असतं. "नगं म्हटलं की. गॅसचंच बरं हाय." लगेच हे – "अव्वा नगं म्हणतीय न्हवं." सुनेनं स्वयंपाक कधी करायचा, ते नाही विचारलं कुणी. मायलेक एक, मी परकी. रागानं रडूच आलं मला.

२३ एप्रिल
मी ऐकलं नाही. बॅटरी ठेवून घेतली. जनरेटर ह्यांनी तोंड पाडून मित्राला देऊन टाकला. आता माझ्या सिलिंडरला हात लावून बघावा कुणी.

२४ एप्रिल
लाईट गेली, बॅटरी लागली. मी उजेडात पोळ्या लाटत होते. सासूबाई सुपात शेंगा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आता तू बसायची न्हाईस व्हय गं?"

शेगडी बंद केली. बॅटरीचं बटणही मीच बंद केलं.