जोडापलीकडची अठ्ठावीस अंडी

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
वीज कार्यालय.

विषय : मेन लाइनवरून आमच्या गल्लीत येणाऱ्या फाट्याचा जोड नीट बसवणे व तोवर अंडी सांभाळणे.
संदर्भ : माझ्या तीन तोंडी तक्रारी आणि एक भांडण.

महोदय,

कोपऱ्यावरच्या खांबावर मेन लाइनमधून आमच्या गल्लीचा फाटा काढलाय. तिथे क्लॅम्प नाही. वायर नुसती पिळून गुंडाळली आहे, तीही सैल. वारा आला की ठिणगी पडते आणि आमच्या सात घरांची लाइट जाते. मेन लाइनवाले मजेत. मी शाळा सोडली असली तरी मला दिसतं.

मेन लाइनचे फोरमन म्हणाले, "आमची लाइन ठणठणीत आहे, फाट्यावाल्यांना विचार." फाट्याचे वायरमनकाका म्हणाले, "पोरी, माझं काम जोडाच्या पुढे सुरू होतं." मग जोड काय कावळ्याचा, असं मी जरा मोठ्याने विचारलं. त्याबद्दल माफी. काकांची टोपी मात्र मी उडवली नाही, वाऱ्याने उडाली. त्याच वाऱ्याने तेव्हा लाइटही गेली, याची नोंद घ्यावी.

माझी उबवणी पेटी आहे : थर्माकोलचा खोका, बल्ब, पाण्याची वाटी. मागच्या खेपेला लाइट जाऊन जाऊन अंडी गार पडली, एकही फुटलं नाही. आईने बजावलंय, "ही खेप गेली की पेटी भंगारात आणि तू मामाच्या लॉन्ड्रीत." आज सोळावा दिवस. लाइट गेली की आजोबा अंडी पोटाशी घेऊन पांघरुणात बसतात. त्यांना सर्दी झालीय. शिंक दाबून दाबून बिचाऱ्यांचे डोळे बाहेर आलेत.

आपलं ऑफिस जोडाच्या अलीकडे, थेट मेन लाइनवर आहे. तिथे खोलीत कोणी नसलं तरी पंखा फिरतो, मी खिडकीतून पाहिलंय. म्हणून पेटी आपल्या टेबलावर लावून जात आहे. अंडी दिवसातून तीनदा उलटावीत. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढलाय, चुकायला जागा नाही. गुरुवारपासून हात लावू नये. शनिवारी फुटतील. सुट्टी असली तरी कोणीतरी थांबावं.

त्याआधी जोड झाला तर अंडी न्यायला येईन. नाही झाला तर पिल्लं न्यायला येईन.

आपल्या टेबलाच्या भरवशावर,
गल्लीतल्या तिसऱ्या घरातली धाकटी
सोमवार

सोबत :
१. अंडी, अठ्ठावीस. पोच मोजून द्यावी.
२. तापाचा थर्मामीटर, आजोबांचा. लवकर परत हवा.