आईची दुरुस्त न केलेली क्ष-किरण प्रतिमा मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
दंत व शिरोभाग प्रतिमा विभाग,
मध्यवर्ती रुग्णालय.

विषय : माझ्या दिवंगत आईच्या जबड्याची मूळ, हललेली प्रतिमा पुसली जाण्यापूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची आजवरची उत्तरे. सर्व नकाराची, सर्व सौजन्यपूर्ण.

महोदय,

१. सदर प्रतिमा घेतली गेली तो दिवस आमच्या घरी इतर दिवसांसारखाच होता. आईची दाढ दुखत होती आणि ती दाढ सोडून इतर सर्व विषयांवर बोलत होती. ती शिवणकाम करीत असे. ओठांत टाचण्या धरूनही तिचे बोलणे थांबत नसे आणि गिऱ्हाइकांना ते समजतही असे. आयुष्यभर दोरा दातांनी तोडल्यामुळे तिच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. कात्री शेजारीच असायची. पण कात्री शोधायची म्हणजे बोलणे अर्धवट सोडावे लागते, असे तिचे म्हणणे.

२. आपल्या विभागात नवे यंत्र आल्याचे आम्हाला दारावरच्या फलकावरून कळले. पूर्वी फिल्मचा तुकडा तोंडात कोंबत, तो टाळूला टोचत असे आणि ओली फिल्म वाळेपर्यंत बाकावर बसून राहावे लागे. आता रुग्णाने उभे राहायचे, हनुवटी टेकवायची, प्लास्टिकची पट्टी दातांत धरायची, की यंत्राचा हात डोक्याभोवती फेरी मारतो. ही प्रगती आहे हे मला मान्य आहे. तंत्रज्ञांनी आईला शिशाचा एप्रन घातला आणि अजिबात हलू नका, असे बजावले. आई म्हणाली, "मी हलायचं नाही, आणि यानं मात्र गरगर फिरायचं?" पट्टी दातांत धरल्यावर तिच्या लक्षात आले की एप्रनचा खांदा चुकीचा बेतला आहे. फेरी सुरू होताच तिने तसे सांगायला सुरुवात केली. तंत्रज्ञ बाहेरून माइकवर म्हणाले, "आजी, बोलू नका." आई पट्टीसकट म्हणाली, "मी कुठे बोलतेय?" मला हसू आवरेना. तंत्रज्ञांनी मलाच धीर दिला, "असू द्या ताई. नवीन मशीन आहे. पेशंट हलला तरी आपलं आपण दुरुस्त करून घेतं."

३. त्याप्रमाणे यंत्राने दुरुस्ती केली. पडद्यावर क्षणभर मूळ प्रतिमा दिसली : खालचा जबडा दोनदा उमटलेला, दातांच्या कडा विस्कटलेल्या. मग ती जाऊन स्वच्छ चित्र आले. त्यात आई गप्प होती. पुढच्या दाताची खाचही यंत्राने हालचालीचा दोष समजून भरून टाकली होती. आईने चित्र निरखून पाहिले आणि "हिचे दात बरे आहेत गं" असा अभिप्राय दिला. घरी येताना ती पुन्हा त्या एप्रनवर घसरली. खांदा उसवून नव्याने बसवला तर रुग्णाच्या मानेवर ओझे येणार नाही, हे तिने मला हातवारे करून समजावले. (ही सूचना आपल्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी तिने माझ्यावर टाकली होती. ती मी येथे पार पाडते.) दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय बंद पडले. दाढेचा किंवा आपल्या विभागाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, हेही स्पष्टपणे नमूद करते.

४. यानंतर मी मूळ प्रतिमेची मागणी केली. आपल्या कार्यालयाने कळवले की अशा प्रतिमेस 'सदोष प्रतिमा' म्हणतात आणि गुणवत्तेच्या धोरणानुसार सदोष प्रतिमा रुग्णास दिली जात नाही. म्हणून मी सदोष प्रतिमेबद्दल रीतसर तक्रार केली. त्यावर उत्तर आले की दोष आधीच दुरुस्त झालेला असल्याने तक्रार शिल्लक राहत नाही. मग मी निदर्शनास आणले की दुरुस्त प्रतिमेतील बाईचा पुढचा दात अखंड आहे आणि तोंड बंद आहे. सबब ती माझी आई असू शकत नाही. आपल्या कार्यालयाने हे म्हणणे तत्काळ मान्य केले. चित्रातील व्यक्ती अर्जदाराची आई नसल्याने अर्जदारास तिच्या कागदपत्रांची मागणी करता येत नाही, असे मला कळवण्यात आले. एखादा अर्ज इतक्या लवकर मान्य होऊन इतका निकामी होऊ शकतो, हे मला माहीत नव्हते.

५. सर्वात अलीकडचे उत्तर सर्वात उदार आहे. असमाधानी रुग्णांसाठी विभागाने विनामूल्य फेरतपासणीची सोय केली आहे. रुग्णाने स्वतः यावे, दागिने काढून ठेवावेत, उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. येणे शक्य नसल्यास कारण कळवावे, असेही त्यात आहे. कारण मी कळवले. त्यावर मोबाइलवर संदेश आला : 'आपली गैरसोय समजू शकतो. सोयीची दुसरी तारीख निवडा.'

६. चौकशीअंती असे समजते की सदोष प्रतिमा महिनाअखेरीस यंत्र आपोआप पुसून टाकते. आईचे बोलतानाचे दुसरे कोणतेही चित्र आमच्याकडे नाही. फोटो काढताना ती ओठ मिटून, मान ताठ करून, पासपोर्ट कार्यालयात बसल्यासारखी बसत असे. आणि तिच्या फोनवरच्या व्हिडिओंत तिचा अंगठाच तेवढा चित्रित झालेला आहे. तेव्हा त्या मूळ प्रतिमेत जबडा जिथे दोनदा उमटला आहे, तेवढीच तिची बोलती जागा उरली आहे. आपल्या दृष्टीने तो दोष असेल. घरात आम्हीही तिच्या बोलण्याला बऱ्याच वेळा तेच म्हणत असू.

७. काल मी समक्ष आले होते. खिडकीवरच्या बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी संगणकावर माझी फाइल उघडली आणि सांगितले की 'प्रयोजन' हा रकाना रिकामा असल्याने अर्ज पुढे सरकतच नाही. उपचार, विमा, न्यायालय आणि अभ्यास असे चार पर्याय होते. मी म्हटले, यांपैकी काहीच नाही. त्या म्हणाल्या, "ताई, मग 'इतर' टाकते. पण पुढे कारण लिहावं लागतं. काय लिहू?" मी हळू आवाजात काही सांगू लागले. "मोठ्यानं बोला हो, पंखा आहे इथं," त्या म्हणाल्या. माझ्यामागे रांग उभी होती. आमच्या घरात असली वाक्ये कोणी कोणाला म्हणत नसे. आई सगळे बोलायची, हे सोडून, आणि मी तर तेवढेही बोलत नसे. पण रकाना भरायचा होता. मी मोठ्याने सांगितले. बाईंनी ते टाइप केले आणि हेच लेखी आणून द्या, म्हणजे वर पाठवता येईल, असे सांगितले. त्यांच्या सूचनेनुसार प्रयोजन खालीलप्रमाणे लेखी सादर करते :

मला आईशिवाय करमत नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून,

(सही)
अर्जदार, रुग्णाची मुलगी
दिनांक : चालू महिन्याची वीस तारीख