खऱ्या मापाचा पैलवान

३ मार्च
आजपासून मी पैलवान. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि तेही खुर्चीत बसून! मेहुण्याने फारच गळ घातली म्हणून त्याच्या ऑनलाइन आखाड्यात नाव नोंदवलं. तिथे कुस्ती लिहायची असते. दोघांनी आपापली ललकारी लिहायची, सरस कोणाची ते मुख्य पंचाने ठरवायचं आणि मग जिंकणाऱ्याने अख्खी लढत लिहून काढायची. हरणाऱ्याने त्यातला मार पुढे वागवायचा. पाय मोडला असं लिहिलं गेलं, तर पुढच्या ललकारीत लंगडायचं. भूमिका कधीही सोडायची नाही, हा तिथला सगळ्यांत कडक नियम. गंमत वाटली.

इतरांचे अर्ज वाचून मात्र हसून पुरेवाट झाली. जो तो सात फुटी! 'हिमदैत्य' म्हणवणारा दोनशे दहा किलोंचा आहे. मेहुणा सांगतो की तो शाळेत चित्रकला शिकवतो आणि फुंकर मारली तर उडेल. मी तीस वर्षं लेथ यंत्र चालवतोय, कुणाच्याही हाताखाली न शिकता. केसभर चूक मला खपत नाही. मी सरळ माझंच शरीर लिहिलं. टेप घेऊन नखशिखांत मापं काढली: उंची १६८.४ सेंटिमीटर, छाती ९६, वजन एकाहत्तर किलो सहाशे ग्रॅम. ही विचारत होती, शिंप्याकडे कपडे टाकायचेत का. नाव घेतलं 'पोलाद'.

११ मार्च
हरलो. 'काळनाग' नावाच्या एका औषध-विक्रेत्याकडून! पंचाला अक्कल नाही हे उघड झालं. त्यात काळनागाने लिहिलेली लढत म्हणजे नुसता चिखल. 'पोलादच्या पायाला कुठेतरी जबर लागलं.' कुठेतरी? एका पावलात सव्वीस हाडं असतात, महाराज! सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली. कोणता पाय, कोणता सांधा, कोणती बाजू? त्याने निमूट दुरुस्ती केली: डावा गुडघा, आतली बाजू. या लोकांना कुणीतरी वळण लावायलाच हवं होतं.

१२ मार्च
सकाळी पलंगावरून उतरलो तर डावा गुडघा लटका पडला. आतून टम्म सुजलाय. दिवसभर यंत्रापाशी उभं राहण्याचं फळ, दुसरं काय! डॉक्टर म्हणाले, बाजूने लाथ बसल्यासारखं दिसतंय. यांना पदव्या कोण देतं?

२० मार्च
पुन्हा हरलो. या वेळी 'वीजराणी', म्हणजे वकिलाकडे टंकलेखन करणारी एक बाई. निदान तिने अदबीने विचारलं तरी, की दादा, बरगडी मोडायची आहे, कोणती लिहू? मी ऐटीत कळवलं: डावीकडची सातवी.
तिने लढत टाकली दुपारी चारला. मी यंत्र पुसत होतो. काही धडकलं नाही, मी वाकलोही नाही. आतून कट्‌ असा आवाज आला.
एक्स-रे समोर ठेवून तीनदा मोजलं. डावीकडची. सातवी.

२२ मार्च
उलगडा झाला. या ढोंग्यांची शरीरं खोटी, म्हणून त्यांचा मार हवेत जातो. खरं शरीर अर्जावर लिहिणारा मी एकटाच.
अर्ज बदलून मागितला. हंगाम संपेपर्यंत बदलता येत नाही, असं पंचाचं उत्तर. माघार घेतली तरी हारच धरतात.
शेवटी मान खाली घालून सगळ्यांना खरं लिहिलं. एक्स-रे जोडला. या बावळटांपुढे हात जोडले — मी!

२३ मार्च
टाळ्या. एकशे चाळीस जणांच्या टाळ्या.
हंगामातली सर्वोत्तम ललकारी म्हणे. हिमदैत्याने लिहिलंय, पोलाददादा, तुमच्यासारखी भूमिका कुणालाच जमत नाही. बक्षीस म्हणून अंतिम लढत, माझी आणि त्याची. हरेल त्याची कारकीर्द कायमची संपवायची.
मेहुण्याला फोन केला. तो खो खो हसला. दाजी, माझ्यासमोरही भूमिका सोडत नाही, मानलं तुम्हाला!

२७ मार्च
जिंकायलाच हवं. जिंकलो की लढत मी लिहिणार, मला कुणी हात लावू शकणार नाही. ललकारी अकरा वेळा खोडून लिहिली. समोर आहे कोण, तर चित्रकलेचा मास्तर. त्याला एक वाक्य धड —
बरगडी दुखते. श्वास पुरत नाही.

३० मार्च
हरलो.
मास्तरची ललकारी अधिक बारकाईची होती, असा निकाल. बारकावे माझ्याकडूनच शिकला, असंही त्याने कळवलंय. माझा मान राखण्यासाठी शरीरशास्त्राचं पुस्तक आणून बसलाय. उद्या सकाळी दहापासून भागाभागाने टाकणार.
त्याला लिहिलं, थांब. पाया पडतो. त्याने हसरा चेहरा पाठवला.

३१ मार्च
१०.०५ — पहिला भाग. उजवं मनगट, अंगठ्याच्या मुळाशी. डाव्या हाताने लिहितोय.

१०.२० — उजवा डोळा. मिटला. डाव्यातून पाणी, अक्षर दिसत नाही. ही घाबरली. डॉक्टरांना बोलावलंय. सगळं सांगितलं हिला. म्हणते, मनाचे खेळ आहेत —

१०.३१ — शेवटचा भाग ओळीओळीने येतोय. ही म्हणते, येईल तसा मीच वाचून दाखवते, म्हणजे भीती जाईल. नको म्हटलं. ऐकत नाही —
वाचतेय. मास्तर चांगलं लिहितो, मूर्ख — एक शब्द ढिला नाही —
मानेचा मणका, वरून तिसरा, डावीक