न विचारता घेतलेला आवाज

ता. ४ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यामुळे हल्ली स्टुलावर बसून मशीन उघडतोस हे वाचून बरं वाटलं. गुडघा दुखतो याचं नव्हे, अखेर बसतोस याचं. माझं ठीक चाललंय. गळ्यावरचं छिद्र साफ करायला आता आरसाही लागत नाही.

आता मुद्द्याचं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझी वाचनात अडखळणारी मुलं येतात, ते तुला ठाऊक आहे. मी टाइप करते, टॅबलेट माझ्या आवाजात बोलतो आणि मुलं माझ्यामागून वाचतात. काल त्यातल्या एका मुलीची आई पाणी गाळायचं यंत्र पिशवीत घालून आली. ते आठवड्यात गळायला लागलंय. दुकानदार परत घेत नाही. ती मला रागावून म्हणाली, की बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं. मला काही कळेना. मग तिने फोनवर जाहिरात लावली.

टिल्लू, तो माझा आवाज होता. शंकेला जागाच नाही. माझा 'ळ' जरा जाड पडतो, तसाच पडला होता. मी जन्मात न पाहिलेल्या यंत्राचं मी कौतुक करत होते, आणि मधेच हसतही होते. ती बाई माझ्याकडे बघत होती. मी टाइप करून सांगितलं की ही मी नव्हे. पण ते सांगितलं कोणी, तर त्याच आवाजाने. तिने विश्वास का ठेवावा?

गळ्याच्या ऑपरेशनच्या आधी तुझ्या दुकानामागच्या गोदामात, चहूकडे गोधड्या टांगून, मी वाक्यामागून वाक्यं वाचली होती. आवाज बनवणाऱ्या कंपनीचं खातं तू तुझ्या कॉम्प्युटरवर उघडलंस, कारण मला त्याचा कंटाळा. माझ्या टॅबलेटखेरीज हा आवाज फक्त तुझ्याकडे आहे. काय झालं ते सरळ लिही. ताई म्हणून विचारते, आणि ज्या बाईचा आवाज आहे ती म्हणूनही विचारते.

कळावे. लोभ आहेच, पण उत्तर येईपर्यंत तो दाखवणार नाही.

तुझी,
ताई

---

ता. १० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या यंत्राची जाहिरात मी केलेली नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तू कागद फाडशील.

दुरुस्तीचे व्हिडिओ मात्र मी केले. वॉशिंग मशीनचा पट्टा कसा बदलायचा, मिक्सर जळाल्याचा वास आला तर आधी काय तपासायचं, असे. हात माझे दिसतात, आवाज तुझा. माझ्या आवाजात एक करून बघितला होता. 'पट्टा' म्हणताना 'प' वर इतका अडकलो, की तोवर पट्टा बसवूनही झाला. ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

ताई, लहानपणापासून माझं बोलणं तूच बोलत आलीस. दुकानात काय हवं ते, शाळेत उशीर का झाला ते, डॉक्टरांकडे कुठे दुखतंय ते. मी तुझा फ्रॉक ओढायचो आणि तू बोलायचीस. मला वाटलं, घरचाच आवाज आहे, त्यात विचारायचं काय.

लोकांना व्हिडिओ आवडले. मग ऑनलाइन वर्ग विकणाऱ्या एका संस्थेने ते सगळे घेतले, तेव्हा त्यांच्या कागदावर मी सही केली. सगळे हक्क, असं त्यात होतं. मला वाटलं, व्हिडिओंचे. त्यांनी त्यातून तुझा आवाज वेगळा काढला, त्याला नवी वाक्यं शिकवली आणि त्या यंत्रवाल्याला वापरायला दिला. हे मला तुझ्या पत्रानंतर शोधाशोध करताना कळलं.

आणखी वाईट बातमी आहे. आवाज बनवणाऱ्या कंपनीची नोटीस आलीय. आजारी माणसासाठी दिलेला आवाज धंद्याला वापरला, हा अटींचा भंग आहे. चौकशी होईपर्यंत खातं थांबवत आहोत, आणि नंतर आवाज कायमचा पुसला जाऊ शकतो, असं त्यात लिहिलंय. मी त्यांना लिहिलंय की चूक माझी आहे, तिची नाही. उत्तर नाही. मी तुझा आवाज घालवला तर काय करू, ते मला सुचत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. तरी मागतो.

तुझा,
टिल्लू

---

ता. १५ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

कागद फाडला नाही. दोनदा वाचला आणि घेऊन वकीलबाईंकडे गेले.

तुझं पत्र यायच्या आधीच आवाज गेला होता. वर्गात गोष्ट चालली होती. 'कोल्हा विहिरीत डोकावला आणि' इथवर टॅबलेट बोलला आणि गप्प झाला. पडद्यावर लिहून आलं, की ही सेवा थांबवली आहे. मुलं पुढच्या शब्दाची वाट बघत होती. मी फळ्यावर लिहून गोष्ट पुरी केली. घरी येऊन टॅबलेटमधला दुसरा, फुकटचा आवाज लावून बघितला. बाई बरी बोलते, पण लिफ्टमध्ये मजले सांगणारी वाटते. लगेच बंद केला. गळ्यातला आवाज गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं होतं, तयारी झाली होती. हा असा गेलेला मी चालवून घेणार नाही.

वकीलबाई तरुण आहेत, कानामागे पेन अडकवतात आणि नीट ऐकतात. म्हणजे माझं लिहून होईपर्यंत थांबतात. त्या म्हणाल्या, की यंत्राने घडवलेल्या आवाजाबद्दलचा कायदा अजून कच्चा आहे, म्हणून करारातला शब्द न् शब्द महत्त्वाचा. मी वाचलेली वाक्यं माझी. त्यातून आवाज घडवणारं यंत्र कंपनीचं. आणि त्या आवाजाने बोलायची परवानगी फक्त मला, तीही रोजच्या बोलण्यापुरती. भावाला ती नाही, आणि भावाने ती तिसऱ्याला विकणं तर नाहीच. एक वाक्य वाचून दिलं म्हणजे न वाचलेली हजार वाक्यं आपल्या तोंडी घालायला संमती दिली, असं होत नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मान इतकी जोरात हलवली, की गळ्यावरचं फडकं सुटलं.

तू रडत बसू नकोस. आधी स्वतःच्या पानावरचे व्हिडिओ काढ. नुसते लपवू नकोस, काढ. मग त्या वर्गवाल्यांना लिही, की जे तुझं नव्हतं ते तुला विकता येत नव्हतं, म्हणून ते त्यांचंही झालेलं नाही. वकीलबाईंची नोटीस मागून जातेच आहे. मी त्या मुलीच्या आईकडे जाणार आहे. यंत्र मी विकलं नाही, पण माझ्या आवाजावर तिने ते घेतलं, तेव्हा दुकानदारापर्यंत तिच्याबरोबर चालत जाणं मला भाग आहे.

फ्रॉकचं लिहिलंस ते वाचून राग अर्धा झाला. हे लबाडीने लिहिलं असशील तर उरलेला अर्धा दुप्पट होईल.

कळावे. लोभ कामाला लागलाय, सध्या त्याला फुरसत नाही.

तुझी,
ताई

---

ता. २३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळे व्हिडिओ काढले. पान आता शटर पाडलेल्या दुकानासारखं दिसतं.

वर्गवाले आधी ऐकेनात. त्यांचा व्यवस्थापक म्हणाला, की सही तुझी आहे, हक्क आमचे आहेत. फोनवर मला बोलता येत नाही हे ओळखून तो भराभरा बोलत होता. मी फोन ठेवला आणि लिहून पाठवलं. तू दिलेलं वाक्य जसंच्या तसं. वकीलबाईंची नोटीस पोचल्यावर त्याची भाषा बदलली. जाहिरात उतरवली आहे. आवाजाची त्यांच्याकडची प्रत पुसल्याचं ते लेखी देणार आहेत.

आवाजाच्या कंपनीने सुनावणी ठेवलीय, व्हिडिओवर. तू वकीलबाईंच्या ऑफिसातून, मी इथून. नियमांचं वकीलबाई बोलतील, पण तिथल्या अधिकारीणबाईंना, ज्याने आवाज वापरला त्याच्या तोंडून ऐकायचंय. लिहून चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, की लिहिलेलं यंत्राकडूनही येतं.

ताई, माझ्याच्याने होणार नाही. तिथे अडकलो तर त्या म्हणतील, हा खोटं बोलतोय. हिला माझ्याऐवजी बोलू दे का? तुझ्या बाजूने तरी कोणी चांगलं बोलणारं हवं.

उत्तर लगेच लिही. लोभ आहे हे कळलं, म्हणून धीर करून विचारतोय.

तुझा,
टिल्लू

---

ता. २७ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

नाही. तूच बोलायचंस.

तुझी बायको गोड बोलते, पण आवाज तिने घेतला नव्हता. अडकलास तर अडक. मी तिथे बसलेली असेन आणि मला कुठेही जायचं नाहीये.

लोभ आहे का, हे यावेळी विचारायचं नाही.

तुझी,
ताई

---

ता. ५ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

सुनावणीत तुला पडद्यावर सगळं दिसलं नसेल, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

तू 'आवाज' या शब्दावर अडकलास, तेव्हा अधिकारीणबाई चांगुलपणाने तो शब्द पुरा करायला गेल्या. मी कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरला. त्या थांबल्या. वकीलबाईंनी कानामागचं पेन काढून टेबलावर ठेवलं. तुझी मान ताठ झाली होती, डोळे मिटले होते, आणि मी लहानपणी करायची तसं मनातल्या मनात तुझ्यासाठी बोलायला लागले होते. मग मी तेही थांबवलं. तेव्हा तू बोललास: "आवाज तिचा आहे. मी न विचारता घेतला. तो तिला परत द्या."

त्यानंतर वकीलबाईंनी कलमं सांगितली, ती सगळी कामाची होती. पण अधिकारीणबाई तोवर लिहायला लागल्या होत्या.

आवाज परवा परत आला. खातं आता माझ्याच नावावर, माझ्याच टॅबलेटवर. करार नवा आहे आणि यावेळी मी तो शेवटपर्यंत वाचला. माझ्या बोलण्याखेरीज कुठेही वापरायचा तर दर वेळी माझी सही, काय बोलणार ते मजकुरासकट. ऐकणाऱ्याला सांगायचं, की हा आवाज यंत्राने घडवलेला आहे. वर्गातही मी पहिल्या दिवशी तेच सांगितलं. एका मुलाने विचारलं, की मग बाई कुठे आहेत? मी टाइप केलं, की बाई टाइप करतायत. त्याला पटलं.

तू निरोप धाडलास, की आता रीतसर परवाना मिळत असेल तर व्हिडिओंसाठी देशील का. कायद्याने देता येतो. मी देणार नाही. हे रागाने म्हणत नाही. त्या दिवशी तुझं ऐकलंय, म्हणून म्हणते.

करारात शेवटी एक कलम आहे: माझ्यानंतर या आवाजाचं काय. वारसांना देता येतो किंवा पुसता येतो. मी 'पुसावा' असं लिहिलंय. मी नसताना मी बोलावं, हे मला नको आहे, मग ते कितीही चांगलं का असेना. वारस तू एकटाच, तेव्हा मान्य असल्याची सही नोटरीसमोर तुला करावी लागेल. कागद सोबत आहे. घासाघीस करू नकोस.

कळावे. लोभ पुसण्याचं कुठलंही कलम नाही.

तुझी,
ताई

---

ता. १६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टा बदलायचा व्हिडिओ माझ्या आवाजात केला. खाली एकाने लिहिलं, की जरा भराभर बोला. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, की नको, हे थांबतात तेवढ्यात आमचा स्क्रू फिरवून होतो. बघणारे आधीच्या निम्मेही नाहीत. ही म्हणते, निम्मे तर निम्मे. आता मिक्सरचा करायला घेतलाय.

तुझा कागद आठवडाभर टेबलावर होता. घासाघीस करणार होतो. सगळा नको, माझं नाव घेतलेलं एखादं वाक्य राहू दे, असं पत्र लिहायलाही बसलो. मग तू न विचारता घेण्याबद्दल जे लिहिलंस ते सगळं पुन्हा वाचलं आणि पत्र टाकून दिलं. तुझ्यानंतरही ते न विचारताच झालं असतं.

आज नोटरीसमोर गेलो. त्या गृहस्थांनी कागद वाचून दाखवला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, की हे तुम्ही कोणाच्या दबावाशिवाय, समजून मान्य करताय ना. तोंडीच सांगावं लागतं म्हणाले. मागे रांग होती. मी नेहमीसारखा अडकेन म्हणून टेबलाची कड धरून उभा होतो. अडकलो असतो तर थोडा वेळ मिळाला असता.

"हो," म्हणालो. एका दमात निघालं.

सही केलेला कागद सोबत जोडलाय. जपून ठेव, आणि त्याची गरज फार उशिरा पडू दे.

लोभ असाच राहू दे.

तुझा,
टिल्लू